हौ, पण गणूचं काय?

छायाताई आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळल्या तेव्हा त्यांची चाळिशी कधीच उलटून गेली होती, आणि सुरुवातीला मिळालेले सगळे पॉइंट त्यांनी खर्च न करता जपून ठेवले.

हे किती अजब आहे ते कळायला या खेळांबद्दल थोडं सांगायला हवं. रोल-प्लेइंग गेममध्ये आधी आपलं पात्र घडवावं लागतं. ताकद, बोलण्याची हातोटी, कुलूप उघडण्याची कला, जडीबुटीची माहिती अशी वेगवेगळी स्किल्स असतात आणि हातात मूठभर पॉइंट असतात. ज्यात पॉइंट टाकाल ते स्किल वाढतं. मग पुढे प्रत्येक कामगिरीत, म्हणजे क्वेस्टमध्ये, त्या स्किलप्रमाणे वाटा मिळतात. ताकद असेल तर दार तोडा, बोलता येत असेल तर पहारेकऱ्याला गुंडाळा. जे तुम्हाला येत नाही ते पर्याय पडद्यावर करड्या अक्षरांत दिसतात. वाचता येतात, निवडता येत नाहीत.

छायाताईंना वाटलं, एवढ्यातच कशाला उडवायचे पॉइंट, पुढे लागतील. हा त्यांचा स्वभावच होता. नावन गावातल्या त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेसच म्हणतात, काचेच्या बशा अजून दुकानाच्या चिकटपट्ट्यांसकट ठेवलेल्या होत्या. त्यांची मुलगी ऋचा तेव्हा शाळेत होती, तिचाच तो गेम. तिने आयरिश हेलातल्या इंग्रजीत आईला परोपरीनं सांगितलं की काहीतरी निवडावंच लागतं. आईने पात्राचं नाव ‘गणू’ टाकलं आणि त्याला तसाच, काहीही येत नसलेला, जगात सोडून दिला. त्या गणूला घेऊन त्यांनी तो गेम जवळजवळ निम्मा पार केला. लोकांच्या शेळ्या शोधून दे, निरोप पोचव, मार खा, पळ. पॉइंट वापरायचे राहून गेलेत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना गणूची इतकी सवय झाली होती की त्यांनी ते वापरलेच नाहीत.

छायाताई मूळच्या वर्ध्याच्या. नवरा रेडिओग्राफर, त्याला नावनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आयर्लंडला आल्या. पहिली काही वर्षं त्यांना काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा त्यांनी डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या आमच्या गेम स्टुडिओत टेस्टरच्या जागेसाठी अर्ज केला. आमचा मुख्य डिझायनर कॉर्मक मुलाखतीला होता. कोणकोणते गेम खेळलात, असं त्याने विचारलं. एकच, दोनदा, दोन्ही वेळा ज्याला काही येत नाही अशा माणसाला घेऊन, असं छायाताईंनी सांगितलं. कॉर्मक आधी हसला आणि मग त्याने तासभर त्यांना गणूबद्दलच विचारलं. २०२०च्या जानेवारीत त्या कामावर रुजू झाल्या.

मी तिथे क्वेस्टची स्क्रिप्ट लिहायचे, म्हणजे लेखकांनी रचलेल्या कामगिऱ्या कोडमध्ये बसवायचे. ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर डबा सरकवला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“मुग्धा, तू पुण्याची नं?” त्या म्हणाल्या. “मंग तिखट जपून खाजो.”

मी जपून खाल्लं नाही. दुपारभर डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या दर अर्ध्या तासाने येऊन विचारत होत्या, अजून रडून राहिली का तू.

नावनहून सँडीफोर्डला येणं म्हणजे आधी बस, मग शहरातून लुआस, म्हणजे ट्राम. त्या एवढ्या प्रवासात काय करता, असं मी विचारलं होतं. लोकांचं बोलणं ऐकते, म्हणाल्या. मार्चमध्ये सगळं बंद झालं, आम्ही सगळे आपापल्या घरी जाऊन बसलो आणि बाकीचे सुटकेचा नि:श्वास टाकत असताना छायाताईंना मात्र बसचा प्रवास बुडाल्याचं वाईट वाटलं.

टेस्टरचं काम असतं गेममधल्या चुका, म्हणजे बग, शोधणं. बाकीचे टेस्टर दणकट, हुशार, सगळं येणारी पात्रं घेऊन सुसाट जायचे, कारण लवकर संपतं. छायाताई दिलेलं काम तसंच करायच्या, आणि ते झालं की रोज गणूला घेऊन निघायच्या. त्याचे पॉइंट अर्थात शिल्लकच. त्यांचे बग रिपोर्ट हळूहळू सगळं ऑफिस वाचायला लागलं. इतरांच्या रिपोर्टमध्ये आकडे असायचे. यांच्यात असं असायचं: ‘गणू वेशीवर उभा आहे. पहारेकरी त्याच्याशी बोलत नाही. गणू अजून उभा आहे. पाऊस सुरू झाला. पहारेकरी भिजत नाही, गणू भिजतो. हे बरोबर आहे का?’ ते बरोबर नव्हतं. पहारेकऱ्याच्या बाबतीत खरंच एक चूक राहिली होती.

मीटिंगमध्ये कुठल्याही क्वेस्टची चर्चा संपत आली की त्यांचा माइक सुरू व्हायचा. इंग्रजीत त्या अगदी नम्रपणे विचारायच्या, गणूला इथे काय करता येईल? आणि कॉर्मकने सगळं समजावून सांगितलं की माइक बंद करायला विसरून मराठीत पुटपुटायच्या, “हौ, पण गणूचं काय?” काही आठवड्यांनी कॉर्मकला ते वाक्य पाठ झालं. त्याला अर्थ माहीत नव्हता, तरी तो मीटिंगच्या शेवटी स्वतःच म्हणायचा, “हाउ पण गणूचं काय”, आणि थांबायचा.

एकदा सकाळच्या कॉलवर कॉर्मकने त्यांना विचारलं, आज ‘युवर मॅन’ कसा आहे. आयरिश लोक कुणाही पुरुषाबद्दल, ‘तो आपला हा’ अशा अर्थाने युवर मॅन म्हणतात. कॉर्मकला गणू म्हणायचं होतं. छायाताईंनी सांगितलं की त्याची रात्रपाळी होती, आत्ताच आंघोळ करून पोहे खाल्ले आणि झोपलाय, तुम्ही विचारलंत हे त्याला सांगेन. कॉर्मक म्हणाला, ग्रँड, म्हणजे छान. गणूच्या क्वेस्टमध्ये पोहे कधी आले, हे तो दिवसभर डिझाइनमध्ये शोधत होता. शेवटी त्याने मला विचारलं तेव्हा उलगडा झाला. पुढे छायाताईंचा नवरा, अगदी शांत आणि सज्जन माणूस, कधी कॉलमध्ये मागून जाताना दिसला की सगळे त्याला हात करायचे आणि त्या बिचाऱ्याला कळायचं नाही आपण एवढे लोकप्रिय कसे.

स्किल नसलं की वाट बंद होते, याबद्दल छायाताईंची मुळीच तक्रार नव्हती. उलट त्यांना ते आवडायचं. आमच्या गेममध्ये एका शहराच्या दारावर खोटं बोलून आत जायचं होतं. गणूला खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्याने खरं सांगितलं आणि तो तुरुंगात गेला. तुरुंगात एक म्हातारी कैदीण होती. तिला भिंतीवर रेघोट्यांनी आपलं गाव काढायचं होतं आणि ते आठवायला ती शेजारच्या कैद्याची मदत घ्यायची. ही सगळी क्वेस्ट आयफा नावाच्या नव्या लेखिकेने लिहिली होती. इतक्या आडवळणावर होती की ती लिहिणारी सोडून ऑफिसात कुणी पाहिलीच नव्हती. छायाताईंनी ती दोनदा खेळली. बग एकही सापडला नाही, तरी त्यांनी रिपोर्ट पाठवला: ‘गणू तुरुंगात आहे. गणूला बाहेर यायचं नाही.’ आयफाने तो रिपोर्ट छापून आपल्या टेबलासमोर लावला. लॉकडाउन जरा सैल झाल्यावर ती गाडी काढून नावनला गेली आणि त्यांच्या दारात स्वतः भाजलेला केक ठेवून, दोन मीटर लांबून हात हलवून परत आली.

मग आला नावाडी.

ही क्वेस्ट माझ्या हातची होती आणि मला तिचा अभिमान होता. मुख्य कथा पुढे जायला समोरच्या बेटावर पोचणं भाग होतं. किनाऱ्यावर एक म्हातारा नावाडी. त्याचा भाऊ त्याच पाण्यात गेलेला, तेव्हापासून तो कुणाला पलीकडे नेत नाही, पैसे दिले तरी नाही. तीन मार्ग होते. बोलण्याची हातोटी असेल तर त्याला राजी करायचं. कुलूप उघडता येत असेल तर नावघरातून नाव काढायची. ताकद असेल तर गावकऱ्यांची जड होडी एकट्याने वल्हवत न्यायची. तिन्ही मार्ग सुंदर जमले होते. २०२०च्या नोव्हेंबरात छायाताईंचा रिपोर्ट आला, आणि त्यांच्या मानाने फारच छोटा: ‘तिन्ही ओळी करड्या. गणूचा गेम इथे संपला.’

तो बग ‘दुरुस्त करणार नाही’ असा शेरा मारून बंद झाला. इथवर येईपर्यंत कुणीही थोडेफार पॉइंट खर्च केलेले असणारच, असं कॉर्मकचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. छायाताईंनी बग पुन्हा उघडला. पुन्हा बंद झाला. प्रॉडक्शनवाले वैतागले. रेकॉर्डिंगचे स्टुडिओ बंद, आवाज देणारे कलाकार घरी, नावाड्याच्या तोंडी एक नवा शब्दही घालता येणार नव्हता. त्यात सगळीकडे बोललं जात होतं की टेस्टिंगचं काम बाहेरच्या कंपनीला देणार आहेत. मी त्यांना फोन करून म्हटलं, ताई, आत्ता वाद नको, कॉन्ट्रॅक्ट वाढायचं आहे तुमचं.

“वाद कुठं घालून राहिली मी?” त्या म्हणाल्या. “मी फक्त बसून राहिली.”

त्या खरंच बसल्या होत्या. गेममध्ये बसायचं एक बटण होतं. ते कुणी वापरायचं नाही, उगीच ठेवलेलं. त्यांनी गणूला नावाड्याशेजारी बसवलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत तो पडदा नुसता चालू ठेवत होत्या. त्यातून त्यांना नावाड्याचा दिनक्रम कळला. ॲनिमेशन करणाऱ्या कुणीतरी हौसेने तो रचला होता. संध्याकाळी नावाडी उठतो, दोरी गुंडाळतो, बेटाकडे बघत थांबतो आणि घरी जातो. क्वेस्ट मी लिहिली होती, पण तो बेटाकडे बघतो हे मलाही माहीत नव्हतं.

जानेवारीत, तिसऱ्या लॉकडाउनमध्ये, त्यांनी कॉर्मककडून एका दुपारचा अर्धा तास मागून घेतला. मला क्वेस्टची जबाबदार म्हणून बोलावलं. त्यांनी काही सादर वगैरे केलं नाही. आपला पडदा दाखवला, त्याचा ताबा कॉर्मकला दिला आणि सांगितलं, हा गणू, याला पलीकडे न्या.

कॉर्मकने नावाड्याशी बोलून पाहिलं. करडं. नावघराच्या कुलपावर गेला. करडं. होडी ढकलली, हलली नाही. किनाऱ्यावर इकडून तिकडे दोन चकरा मारल्या. त्याने हे सगळे नियम स्वतः केले होते, त्यामुळे कुठे फट नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तो शोधत राहिला. शेवटी त्याने गणूला नावाड्याशेजारी बसवलं. गेममधलं ऊन कलत गेलं. नावाडी उठला, त्याने दोरी गुंडाळली आणि तो बेटाकडे बघत उभा राहिला.

“हे असं करतो तो?” कॉर्मकने विचारलं.

“रोज,” छायाताई म्हणाल्या. “बोलायची गरज नाही. दोरीचं टोक त्याने गणूच्या हातात द्यावं, एवढंच.”

कॉर्मक लगेच विरघळला नाही. त्याचा धंदाच तो होता. त्याने विचारलं की नुसतं बसून जर पलीकडे जाता येत असेल तर बोलण्याच्या स्किलमध्ये पॉइंट टाकणाऱ्याने काय पाप केलं. सगळ्यांना सगळं मिळालं तर निवडण्यात मजा काय राहिली. मला वाटलं आता ताई चिडतील. त्या खुर्चीत पुढे सरसावल्या, जणू याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

“अगदी बरोबर. त्याला फुकट नका देऊ,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या तिन्ही ओळी करड्या आहेत त्याच्यासाठीच हे ठेवा. आणि त्याचा दिवस जाऊ द्या. बेटावरची जत्रा सकाळी असते ना? बाकीच्यांना तिथे तलवार मिळते, घोडा मिळतो. गणू पोचेल तेव्हा जत्रा उठलेली असू दे. वाट बंद करा तुम्ही, मी कधी नाही म्हटलं? तुरुंगात टाकलंत तेव्हा मी काही बोलले का? पण पाण्याच्या काठावर आणून माणसाला तसाच सोडून देऊ नका. तो तिथे आहे हे गेमला कळू तरी दे.”

कॉर्मकने पडद्याकडे पाहिलं. नावाडी घरी निघून गेला होता आणि गणू एकटाच बसला होता. मग त्याने मला विचारलं, एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू देण्याचं ॲनिमेशन आपल्याकडे आहे ना. होतं. बाजारातल्या दुकानदारांसाठी केलेलं. तो म्हणाला, ग्रँड, मग करूया.

मी ते दोन-तीन दिवसांत बसवलं. नावाडी दोरी गुंडाळतो, थांबतो, टोक गणूच्या हातात देतो आणि नावेत चढतो. आवाज नाही, संवाद नाही, नुसतं पाणी. कॉर्मकने त्यात न सांगता एक भर घातली. बेटावर गणू पोचतो तेव्हा जत्रा उठलेली असते, पण दुकानं आवरणारे लोक कंदील लावून उष्टी पानं गोळा करत असतात, आणि त्यातली एक बाई गणूला हाक मारून उरलेली भाकरी देते. ती बाई आधीच्या आवृत्तीत नव्हती. छायाताईंनी तो भाग तपासला आणि रिपोर्ट पाठवला: ‘गणू जेवला. बग नाही.’

एवढं होऊनही उन्हाळ्याच्या सुरुवातीला टेस्टिंगचं काम बाहेर गेलंच आणि छायाताईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कॉर्मक वरपर्यंत भांडला, उपयोग झाला नाही. शेवटच्या कॉलवर आम्ही सगळे तोंड पाडून बसलो होतो. छायाताईंनी मात्र काठापदराची साडी नेसली होती आणि सगळ्यांसमोर कॅमेऱ्यात धरून एका काचेच्या बशीची चिकटपट्टी नखाने काढली. त्या दिवशीचा शिरा तिच्यात वाढायचा होता. आयफा रडली. ताईंनी तिला दम दिला की रडतेस काय, तुरुंगातली पुढची गोष्ट लिही.

गेम शरद ऋतूत बाजारात आला. नावाड्याची ती वाट फारच थोड्या लोकांनी पाहिली असेल. एक-दोघांनी मात्र त्याबद्दल लिहिलं. एकाला वाटलं होतं की ही बहुधा चूक असावी, पण दुरुस्त करू नका, अशी त्याची विनंती होती. ते मी ताईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्या फोनवर खूप हसल्या. चेरीवूडच्या एका कंपनीत त्यांना तोवर टेस्टरचंच काम मिळालं होतं. तिथे तर बँकेचं सॉफ्टवेअर होतं. तिथल्यांना काय काय ऐकावं लागणार आहे, या विचाराने मला बरं वाटलं.

त्याच सुमारास ऑफिस थोडं थोडं उघडलं आणि त्यांच्या खणातलं सामान, एक शाल, एक मग आणि लोणच्याची रिकामी बाटली, पोचवायला मी नावनला गेले. दार उघडंच होतं. आत जेवणाच्या टेबलाभोवती शेजारच्या तीन निवृत्त बायका बसल्या होत्या, समोर कागद, पेन्सिली आणि फासे. लॉकडाउनमध्ये अंगणात खुर्च्या टाकून बसायच्या तेव्हा त्यांनी ताईंना विचारलं होतं, तू नेमकं काम काय करतेस. पडद्यावरचा गेम काही त्यांना मानवेना, तेव्हा ताईंनी तोच प्रकार कागदावर सुरू केला होता. जगाची सूत्रं ताईंच्या हातात, बाकी तिघींची तीन पात्रं.

मी गेले तेव्हा वाद जुंपला होता. टपाल खात्यातून निवृत्त झालेली ब्रीडा नावाची बाई गेममध्ये चोर होती आणि तिने सगळे पॉइंट कुलपांमध्ये घातले होते. आता तिला सूर्यास्ताच्या आत डोंगरापलीकडे पोचायचं होतं आणि समोर घोडा होता.

“ब्रीडा, तुला घोड्यावर बसता येत नाही,” ताई म्हणाल्या.

“मी चार वर्षांची असल्यापासून घोड्यावर बसते,” ब्रीडा म्हणाली. “या काउंटीत मी बक्षिसं मिळवली आहेत.”

“तू बसतेस. ती नाही बसत.”

ब्रीडाने दोघी मैत्रिणींकडे न्याय मागितला. त्यांनी तिचाच कागद तिच्यासमोर धरला. नोरीन नावाच्या तिसरीने बराच विचार करून विचारलं की हा घोडा आहे तरी कुणाचा. तेव्हा छायाताईंचा चेहरा असा उजळला की मला पिशवी हातात धरून तिथेच उभं राहावंसं वाटलं. पण त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता. चहा ओट्यावर आहे, घे, जेवून जा, नाहीतर रविवारी ये, एवढं एका दमात सांगून त्या पुन्हा टेबलाकडे वळल्या.

मला संध्याकाळच्या आत डब्लिनला परतायचं होतं. चहा घेतला आणि निघाले. गाडी मागे घेताना खिडकीतून आतलं दिसलं. छायाताई उभ्या राहिल्या होत्या. ओढणी फेट्यासारखी डोक्याला गुंडाळून, हाताची घडी घालून, घोडेवाला होऊन त्या ठामपणे मान हलवत होत्या, आणि तिघी बायका टेबलावर पुढे झुकून, एकमेकींचं न ऐकता, एकदमच त्यांना मनवत होत्या.